खुर्चीवरचा ठेका

भोरच्या बँडमध्ये एकूण अकरा माणसं, आणि त्यात सगळ्यात किरकोळ दिसणारा ज्ञानू. लाल कोट त्याच्या अंगात घातलेला नव्हे, खुंटीला अडकवलेला वाटायचा. टोपीवरचा तुरा पहिल्याच लग्नात नवरदेवाच्या घोड्यानं खाऊन टाकला होता. पण एकदा गळ्यात ड्रम आला आणि हातात काड्या आल्या, की हाच माणूस चांगला वीतभर उंच व्हायचा. भोरातल्या बायका खिडकीशी न जाताच सांगायच्या, "आज बँडात ज्ञानू आहे बरं का."

अख्ख्या मुलखानं ज्ञानूला ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं ते फक्त एका माणसानं, आणि तो माणूस होता त्याचा बाप.

आता हा बाप म्हणजे काही कानानं बहिरा किंवा वाजवण्यातला औरंगजेब नव्हता. उलट भाटघर धरणाच्या काठच्या गावांत एके काळी हलगी म्हणजे साहेबराव आणि साहेबराव म्हणजे हलगी. पण लग्न कुणाचंही असो, साहेबराव मांडवाच्या बाहेर. ऊन असो, चिखल असो, उभं राहून वाजवायचं, लांबून वाढलेलं घ्यायचं आणि घरी यायचं. वाजवणाऱ्याला कुणी कधी "टेका जरा" म्हटलं नाही. छप्पन साली वस्तीनं धम्म घेतला, गावकीची कामं सोडली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी साहेबराव हलगी घेऊन धरणावर गेले. परत आले ते मोकळ्या हातांनी. "आजपासून ह्या घरात कातडं वाजायचं न्हाई," एवढंच बोलले.

ज्ञानू तेव्हा चौदा वर्षांचा होता. तोवर बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून तो सगळं शिकून बसला होता. हलगी पाण्यात गेली, हातातलं कुठं जाणार? विसाव्या वर्षी तो कुंडलिक मास्तरांच्या बँडात शिरला. मास्तर क्लॅरिओनेट वाजवायचे, भला माणूस. त्यांनी ड्रमही स्वतःच्याच घरी ठेवून घेतला, कारण ज्ञानूच्या घरात त्याला थारा नव्हता.

"आबा, ह्यो बँड हाय. कोट-टोपी असती," ज्ञानूनं पहिल्या दिवशी बापाला समजावलं होतं.

"आन् वाजवतोस कसा? उभ्यानं का बसून?"

"चालत, आबा. मिरवणुकीत कोन बसतं?"

"मग कोट काय आन् लंगोटी काय! ज्या दिशी खुर्ची दिऊन तुला वाजव म्हनतील ना, त्या दिशी सांग. म्या ऐकीन."

बँडवाल्याला खुर्ची! घोड्यालाच गादी देणं सोपं. पण साहेबराव बोलले ते बोलले. पुढची आठ वर्षं शेताचं, बैलाचं, भाताच्या रोपांचं सगळं बापलेकांत बोलणं व्हायचं, ड्रमचं नाव निघालं की म्हातारा उठून चालू लागायचा. वाटेत कुठं बँड लागला तर तो आडवाटेनं जायचा. ज्ञानू हे हसण्यावारी न्यायचा, पण रोज काड्या पुसून ठेवताना त्याच्या मनात एकच यायचं, की एकदा, आयुष्यात एकदाच, आबांनी ऐकावं.

सत्तर सालच्या माघात भोरातल्या भातगिरणीच्या मालकांच्या मुलीचं लग्न निघालं. टळटळीत दुपारी नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे चालली होती. कुंडलिक मास्तर रंगात आले होते, डोळे मिटून क्लॅरिओनेट आभाळाकडे, आणि श्वास घ्यायला त्यांनी तोंड उघडलं तोच त्यात माशी गेली. साधी माशी नव्हे, लग्नातल्या जिलबीवर पोसलेली. मास्तर ठसकले, वाकले, लालेलाल झाले. बाकीचे बाजेवाले मास्तरांच्या मागून वाजवणारे. त्यांनीही बाजे खाली केले. सूर संपला. भर रस्त्यात मिरवणूक मुकी होणं म्हणजे अपशकुन. वरमाईचा चेहरा उतरला, घोडा थबकला.

आणि ज्ञानू थांबलाच नाही. त्याला लहानपणी बापानं घोटून घोटून शिकवलेला नियमच तो होता: सूर पडला तरी ठेका पडू द्यायचा नाही. सनईवाल्याचा दम तुटो, गाणारा बोल विसरो, सूर पुन्हा उभा राहीपर्यंत ठेकेवाल्यानं सगळं एकट्यानं खांद्यावर घ्यायचं. ज्ञानूनं घेतलं. असा काही वाजवला की घोडा पाय उचलून चालायला लागला, आणि माशी गिळून मास्तर सावरले तेव्हा मिरवणूक देवळाच्या पायरीशी नाचत होती.

गर्दीतून एक पोरगा धडपडत त्याच्यापर्यंत आला. खांद्यापर्यंत केस, पायघोळ तुमान. हा नवरीचा भाऊ मानसिंग, पुण्याला कॉलेजात होता. बहिणीच्या लग्नाला केस कापून आला नाही म्हणून वडिलांनी त्याला फोटोत उभं केलं नव्हतं.

"परवा मोकळे आहात का तुम्ही?" तो धापा टाकत म्हणाला.

"कुनाचं लगीन हाय, मालक?"

"मालक नका म्हणू हो! लग्न नाही, गाणं भरायचंय. रेकॉर्ड करायची!"

मग त्यानं एका दमात सगळं सांगितलं. त्याची आणि कॉलेजातल्या तीन मित्रांची पार्टी होती, नाव 'द ब्लू लॅम्प्स'. विजेच्या गिटारी, इंग्रजी गाणी, आणि आवाज असा की पुण्यात जिथं जिथं त्यांनी गिटारी जोडल्या तिथं तिथं शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. म्हणून त्यांनी भोर गाठलं. वडिलांच्या भातगिरणीत तीन भिंतींना छतापर्यंत पोती. आवाज बाहेर जाणार नाही आणि आत घुमणारही नाही. परवा गिरणीला सुट्टी होती. एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस सेलवर चालणारं टेप मशीन घेऊन सकाळपुरता येणार होता, दुपारी दोनच्या एसटीनं परत. त्यानंतर मशीन मिळणार नव्हतं, पोरांच्या परीक्षा होत्या. आणि नेमका त्यांचा ड्रमवाला स्कूटरवरून पडून मनगट प्लास्टरमध्ये घालून बसला होता.

ज्ञानूच्या कानात मात्र एकच शब्द राहिला. रेकॉर्ड! मिरवणूक आली की माणूस आडवाटेनं जाऊ शकतो. रेकॉर्ड भोंग्यावर लागली तर आडवाट काढून काढून कुठली काढणार?

"येतो की," तो म्हणाला, "पर मला इंग्रजी येत न्हाई."

"ड्रमला कुठं येतं?" मानसिंग म्हणाला.

ठरल्या दिवशी ज्ञानू आठलाच गिरणीत हजर. लाल कोट इस्त्री करून घातला होता. पोरं बनियनवर होती. आंबेमोहराचा वास सगळीकडे दरवळत होता आणि जमिनीवर तारांचं जाळं. मधोमध मांडलेला ड्रमसेट बघून ज्ञानूचे डोळे विस्फारले. एक नाही, चार-चार ड्रम, वर पितळी झांजा, आणि समोर एक मोठा ढोल, त्याला पायानं दाबायची पट्टी.

"ह्यो कशानं वाजवायचा?"

"पायानं," मानसिंगनं दाबून दाखवलं. धप्प आवाज आला.

ज्ञानू दोन पावलं मागं सरला. "वाद्याला पाय? न्हाई जमायचं. आमच्या आबांनी देव सोडले, पर ह्ये न्हाई सोडलं."

गाणारा पोरगा हसणार होता, पण ज्ञानूचं तोंड बघून त्यानं हसू गिळलं. मग मानसिंगनंच तोड काढली. ढोल उचलला, उजव्या हाताला दोन पोत्यांवर आडवा निजवला, आणि एका दांडक्याला फडकं गुंडाळून दिलं. ज्ञानूनं एकदा हाणून बघितलं. आवाज पोत्यांतून असा खोल आला की तालमीत कुणी शड्डू ठोकावा. मशीनवाला साहेब कानाला भोंगे लावून बसला होता, त्यानं मान वर करून बघितलं आणि नुसतं "अरे वा" म्हटलं.

"आता बसा," मानसिंग म्हणाला.

"कुठं?"

"ड्रमसेट बसूनच वाजवतात, ज्ञानूदादा." आणि तो गिरणीच्या दिवाणजींच्या खोलीत गेला. दिवाणजींची एक लोखंडी घडीची खुर्ची होती. तिच्यावर ते सोडून आजवर कुणी बसलं नव्हतं. दिवाणजी "अहो धाकटे मालक, ती माझी" करत मागं आले. मानसिंगनं खुर्ची उघडली, स्वतःच्या रुमालानं तिच्यावरचा कोंडा झटकला, पुसली आणि ज्ञानूच्या मागं लावली. दिवाणजी पाय आपटत बाहेर गेले आणि दिवसभर पायरीवर बसून राहिले.

ज्ञानू त्या खुर्चीकडे बघत उभा होता. आबांचं बोलणं कानात वाजत होतं. मग तो बसला.

गाण्याचं नाव होतं 'लास्ट बस टू भोर'. शेवटची एसटी चुकलेल्या पोराचं गाणं. ज्ञानू म्हणाला, बोल नकोत, चाल सांगा; आणि मानसिंगनं गुणगुणलेली चाल त्यानं दोनदा ऐकून मांडीवर उतरवून घेतली. पहिल्या खेपेला गाणाऱ्याच्या नाकात कोंडा गेला आणि तो कडव्याच्या मधोमध सटासट शिंकला. दुसऱ्या खेपेला आढ्यावरून चिमण्यांचा थवा झांजेवर उतरला. दीड वाजत आला. मशीनवाला म्हणाला, "फीत एका गाण्यापुरती उरलीय. झालं तर झालं."

ज्ञानूनं काड्या कपाळाला लावल्या. मानसिंगनं मान हलवली, आणि सुटले!

गिटारी खणखणल्या, गाणाऱ्यानं गळा मोकळा सोडला, आणि ज्ञानूनं खालून असा रेटा दिला की पहिलं कडवं कधी संपलं ते कळलंच नाही. दुसरं कडवं. सगळं जिथल्या तिथं. ज्ञानूनं डोळे मिटले. आणि बरोबर त्याच क्षणी भोरची वीज गेली.

गिटारी जागच्या जागी मुक्या झाल्या. मानसिंग तारा छेडतोय, आवाज नाही. गाणारा आ वासून वरच्या विझलेल्या दिव्याकडे बघतोय. मशीनवाल्याच्या मशीनला मात्र विजेशी देणंघेणं नव्हतं. सेलवरची चाकं शांतपणे फिरत होती. त्यानं हात वर केला खरा, बंद करायलाच, पण तो हात तसाच राहिला.

कारण ज्ञानू थांबला नव्हता. विजेवर चालणारं वाद्य हे प्रकरणच त्याला ठाऊक नव्हतं. सूर पडलेला त्यानं ऐकला आणि त्याला वाटलं, गेली कुणाच्या तरी तोंडात माशी! आता काय करायचं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सूर पडला तरी ठेका पडू द्यायचा नाही. तो वाजवत राहिला. मशीनवाल्यानं वर केलेल्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि सगळ्यांना डोळ्यांनी दटावलं, कुणी हलू नका.

आधी ज्ञानूनं गाण्याचाच ठेका धरला. पण पडलेला सूर लवकर उठेना. वेळ काढायचा तर ठेका खुलवायला हवा, आणि खुलवायला गेलं की हात आपल्या ओळखीच्या वाटेनं जातात. फडक्याचं दांडकं ढोलावर, डाव्या हातातली काडी छोट्या ड्रमच्या कडेला, आणि चौदा वर्षं धरणाच्या पाण्यात पडलेली हलगी गिरणीत वाजायला लागली! बापानं शिकवलेला पहिला फेरा, मग दुसरा, मग तो अवघड तिसरा, जो शिकताना ज्ञानूनं दहादा मार खाल्ला होता. बँडात हे त्यानं कधी वाजवलं नव्हतं, तिथं जागाच नव्हती त्याला. घामानं लाल कोट काळा पडला. पोत्यांतून धूळ उडत होती. पोरं श्वास रोखून उभी होती. मानसिंगच्या डोळ्यांत पाणीच आलं.

चांगला मिनिटभर हे चाललं, आणि वीज आली. दिवा लागला, गिटारी गुरगुरल्या. मानसिंग पोरगा कानाचा पक्का. घाई केली नाही त्यानं. ज्ञानूचा फेरा समेवर यायची वाट बघितली आणि नेमक्या ठोक्याला गिटार अशी हाणली की गाणं कधी थांबलंच नव्हतं. तिसरं कडवं, शेवटचा ठोका, आणि सगळं बंद.

चाकं थांबेपर्यंत कुणी शिंकलंसुद्धा नाही. मग मशीनवाल्यानं बटण दाबलं, कानावरचे भोंगे काढले आणि हिंदी-मराठी-इंग्रजीत जे जे आठवलं ते ते ओरडला. पोरांनी ज्ञानूला खुर्चीसकट उचललं. मूठमूठ कोंडा उधळला. बाहेरून दिवाणजी ओरडत होते, "खुर्ची मोडाल!"

"माफ करा हं," ज्ञानू वरून म्हणत होता, "कुनाला ठसका लागला व्हता?"

कंपनीतल्या मोठ्या साहेबांना म्हणे ते गाणं नासकं वाटलं. मधेच गिटारी पळून जातात, हे काय गाणं झालं? त्यांनी जेमतेम दोनशे तबकड्या काढल्या आणि विषय मिटवला. पोरं परीक्षा देऊन नोकऱ्यांना लागली, ब्लू लॅम्प्स विझले. आता पुण्यातले शौकीन त्या तबकडीसाठी जुने बाजार पालथे घालतात आणि मधल्या त्या मिनिटावर वाद घालतात, ड्रमवाला विलायतेहून शिकून आला असणार म्हणून! भाटघरला येऊन कुणी विचारलं नाही.

पण त्याच वर्षीच्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी, मानसिंग एसटीतून भाटघरला उतरला. आईच्या जुन्या पातळात गुंडाळलेली तबकडी त्यानं ज्ञानूच्या हातात ठेवली. विहारापुढं पांढऱ्या कपड्यांतली वस्ती जमली होती. वंदना झाली, भाषणं झाली, पाहुण्यांसाठी मांडलेल्या लोखंडी खुर्च्या रिकाम्या झाल्या. भोंगेवाला भिमा एकामागून एक तबकड्या लावत होता. ज्ञानूनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि हळूच एका बाजूला उभा राहिला. साहेबराव विहाराच्या पायरीवर बसले होते.

भोंग्यातून गिटारी बाहेर पडल्या, तशी म्हातारी अंबूबाई कानावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, कुनाचं भांडान लागलंय?" पोरासोरांनी नाचायला सुरुवात केली. मग ड्रम लागला. साहेबरावांनी कान टवकारले, ज्ञानूकडे एक नजर टाकली, काठी उचलली आणि घराच्या वाटेला लागले. एक पाऊल, दोन पावलं, दहा पावलं. ज्ञानूनं मान खाली घातली. मानसिंग काहीतरी म्हणायला पुढं झाला, त्याला त्यानं हातानंच थांबवलं.

तोच भोंग्यातल्या गिटारी गेल्या.

"आडकली वाटतं," म्हणत भिमानं सुई उचलायला हात घातला.

"भिमा, हात लावशील तर बघ!"

अख्खी वस्ती दचकली. साहेबराव वाटेतच मागं वळून उभे होते. "आडकली न्हाई," ते म्हणाले. "सूर पडलाय. ठेका उभा हाय."

मग पहिला फेरा आला. साहेबराव दहा पावलं परत चालत आले. दुसरा फेरा आला, तेव्हा ते भोंग्याखाली उभे होते, तोंड वर करून, डोळे मिटून. तिसऱ्याला त्यांची बोटं काठीवर हलायला लागली. गाणं संपलं, सुई खरखरत राहिली. ज्ञानूची आई जाईबाई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती.

"कुठं वाजवलंस ह्ये?" साहेबरावांनी विचारलं.

"भोरात, आबा. भाताच्या गिरनीत."

"उभ्यानं?"

"न्हाई, आबा. बसून. खुर्ची दिली व्हती."

"कुनी?"

"ह्या मानसिंगरावांनी. सोताच्या रुमालानं पुसून दिली."

साहेबरावांनी मानसिंगला केसांपासून तुमानीपर्यंत न्याहाळलं. मग पाहुण्यांच्या खुर्च्यांतली एक ओढून ज्ञानूपुढं ठेवली. "बस." दुसरी ओढून तिच्यावर स्वतः बसले. आणि तिसरी दोघांच्या मधोमध घेतली.

"तिसऱ्या फेऱ्याला डावा हात घाईला येतोय तुजा," ते म्हणाले. "तवाबी यायचा. बघ हितं."

"आबा, वाजवायचं न्हाई म्हनला व्हतात..."

"कातडं म्हनलो व्हतो. ह्ये लोखंड हाय."

आणि चौदा वर्षांनी साहेबरावांनी दोन्ही हात उचलले आणि त्या रिकाम्या खुर्चीवर तिसरा फेरा सुरू केला.